लायसन्स नाही म्हणून लॅबची नोकरी हुकतेय, काय करू?

मिठबावकरीण:
डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालंय, वय २३. देवगडच्या एका लॅबला घरोघर सॅम्पल घ्यायला माणूस हवाय, कुणकेश्वर ते तांबळडेग पट्टा. काम मला येतं, म्हाताऱ्या माणसांचीही शीर पहिल्या टोचणीत सापडते. पण जाहिरातीत शेवटी ‘दुचाकी व लायसन्स आवश्यक’. एसटीने करेन म्हटलं, ते जमणारं नाही हे मलाही कळतं. उपाशीपोटीचं रक्त सकाळीच घ्यायचं आणि वेळेत लॅबला पोचवायचं. घरात गाडी एकच, ती पहाटे दादा जेटीवर नेतो. लर्निंगवर भागेल का? ओरोसला आरटीओत गेलं की अख्खा दिवस जातो.

आचऱ्याची काकी:
गो बाय, लर्निंग घरबसल्या निघतं. सरकारच्या सारथी साइटवर आधारवरून अर्ज केलास की परीक्षाही तिथेच. पण त्याच्यावर नोकरी धरू नको. ‘एल’ लावून शिकण्यापुरतंच ते. एकटी हिंडलीस आणि काही झालं तर विम्याचे पैसे अडकतात. ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, लर्निंग ६ महिने चालतं. आरटीओचं शिबीर तालुक्याला लागतं, देवगडची तारीख आधी बघ.
आणि एक सांगते, राग येतो म्हणून. आमच्याकडे मुलगा अठराचा झाला की त्याचं लायसन्स काढतात. मुलीचं लग्नानंतर बघू म्हणतात. मग अशी जाहिरात आली की शिकलेली मुलगीच मागे राहते.

कातळावरचा:
काकींशी सहमत. फक्त ‘विदाऊट गिअर’ काढू नकोस. लॅबने उद्या गिअरची गाडी दिली तर ते चालणार नाही. गिअरचं काढ, त्यावर स्कूटरही चालवता येते. टेस्टला गाडीने आठचा आकडा काढायला लावतात, पाय टेकला की गेलं. आम्ही सड्यावर, म्हणजे कातळाच्या मोकळ्या माळावर, चुन्याने आठ आखून शिकलो. क्लच अर्धा धरून, नजर पुढच्या वळणावर ठेवायची, चाकाकडे बघायचं नाही.
लॅबवाल्यांना सरळ विचार, पक्कं हातात येईपर्यंत आतलं काम द्याल का? चांगला टेक्निशियन इकडे सहज मिळत नाही, ऐकतील.

मिठबावकरीण:
लॅबला फोन केला, ‘लर्निंग काढून दाखव, मग बोलू’ म्हणाले. दादा रविवारी सड्यावर नेतोय. टेस्टला गाडी आपलीच न्यायची ना? आमच्या गाडीचं पीयूसी संपलंय.

आचऱ्याची काकी:
हो, आपलीच. पीयूसी आधी करून घे, आणि विम्याची तारीखही बघ.