'व्यंग' कुणाचं? आणि 'मला हसले' म्हणजे नेमकं काय?

मूळ प्रश्न, गुहागर

गणपतीत आमच्या वाडीत जाखडी नाचाच्या आधी पोरांचं एक स्किट असतं. यंदा मुंबईकरांनी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांच्या धर्तीवर लिहून आणलं. दाखला मागायला आलेला एक तोतरा माणूस, समोर कारकून. सगळे हशे अडखळण्यावर बेतलेले. "दा-दा-दाखला" म्हटलं की मागून ढोलकी.

तालमीला आमचे चुलतकाका बसले होते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून काठी. कुणीतरी दबकत म्हणालं, "'तोतरा' शब्द काढू या का?" काका म्हणाले, "काढा की. 'दिव्यांग' घाला. ढोलकी तशीच ठेवा."

त्यानंतर तालीम बाजूला राहिली आणि वाद शब्दांवर गेला. माझे प्रश्न दोन. 'व्यंगचित्र'मधलं व्यंग आणि 'शारीरिक व्यंग' एकच का? आणि तोतरा, बोबडा, चाचरणारा यांत फरक काय?

प्रतिसाद, रत्नागिरी

दुसरं आधी, ते सोपं आहे. बोबडं म्हणजे 'र'चा 'ल' होणं, लहान मुलासारखं. तोतरं म्हणजे अक्षर अडकणं, पुन्हा पुन्हा येणं. चाचरणं हे भीतीनं, संकोचानं कुणाचंही होतं. साहेबासमोर आपण सगळेच चाचरतो. तुमच्या लेखकाला बहुधा हा शेवटचा फरक दिसला नाही. दाखला मागताना धडधाकट माणूसही चाचरतो, आणि त्यात खरी गंमत आहे.

आता 'व्यंग'. मुळात शब्द दोन. वि + अंग = व्यंग, म्हणजे ज्याच्या अंगात उणेपण आहे ते. दुसरा व्यंग्य, तो 'व्यंजना'च्या घरातला: शब्दानं थेट न सांगता सुचवलेला अर्थ. हिंदीत उपरोधिक लेखनाला 'व्यंग्य' म्हणतात. मराठीत तो 'य' बोलण्यात टिकला नाही आणि दोन्ही शब्द एकाच उच्चाराखाली राहायला आले. म्हणून 'व्यंगचित्र' म्हटलं की सूचक चित्र की उणं दाखवणारं चित्र, हे आपण विचारतही नाही. मोठं नाक काढलं की झालं व्यंगचित्र, असं मानणारे चित्रकार पुष्कळ.

पण ही सरमिसळ नुसती उच्चाराची नाही. नाट्यशास्त्रात हास्यरसाची कारणं मोजली आहेत. विकृत वेष, धिटाई, असंबद्ध बडबड यांच्या रांगेतच 'व्यंगदर्शन' येतं. विदूषकही तिथे बुटका, कुबडा, दात पुढे आलेला असा सांगितला आहे. म्हणजे तुमच्या मुंबईकरांची परंपरा फार जुनी आहे. ती जुनी असणं हे तिच्या बाजूचं प्रमाणपत्र नव्हे. त्याच प्रकरणात हास्याच्या पायऱ्याही आहेत: उत्तमांचं स्मित आणि हसित, मध्यमांचं विहसित आणि उपहसित, अधमांचं अपहसित आणि अतिहसित. ढोलकी कोणत्या पायरीवर वाजते ते तुम्ही ठरवा.

प्रतिसाद, मालवण

व्युत्पत्ती ठीक. आमच्याकडे गावात एकाच नावाची तीन माणसं असली की एक 'लंगडो', एक 'बुटको' आणि एक 'मास्तर'. लोक सांगतात, प्रेमानं म्हणतो. असं सांगणारे सगळे दोन पायांवर उभे असतात.

तरी एक बाजू मांडतो. आमची म्हातारी माणसं सरळ विचारतात, "काय रे, पायाक काय झाला?" शहरातून आलेले चाकरमानी नजर फिरवतात. काणाडोळा करतात म्हणा (बघा, हाही शब्द डोळ्याच्या व्यंगावरूनच आला). माझ्या मामेभावाला ऐकू येत नाही. त्याला विचारणारे चालतात, टाळणारे चालत नाहीत.

लंडनला 2012 साली पॅरालिम्पिक झालं तेव्हा ब्रिटिश टीव्हीवर 'द लास्ट लेग' हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. सूत्रधार ॲडम हिल्स जन्मतःच उजव्या पावलाविना. तिथे प्रेक्षक विचारत: हे विचारलं तर चालेल का, अमक्यावर हसलं तर चालेल का? कार्यक्रम स्पर्धेपुरता होता, पण पुढे वर्षानुवर्षं चालला. 'पायाक काय झाला' हा प्रश्न चव्हाट्यावर आणला, एवढीच त्याची युक्ती, असं मला वाटतं. फक्त उत्तर द्यायला तिथे तोच माणूस होता.

प्रतिसाद, दापोली

सरकारी शब्दांची थोडी नोंद. 'दिव्यांग' हा शब्द पंतप्रधानांनी 27 डिसेंबर 2015 च्या 'मन की बात'मध्ये सुचवला आणि मग खात्यांच्या पाट्या बदलल्या. त्याच्याबद्दल तक्रार करणारे म्हणतात, दैवी अंग वगैरे काही नको, बसमध्ये चढता आलं पाहिजे. मला तक्रार पटते. पण दाखल्यावर तोच शब्द असतो, त्यामुळे काकांनाही तो चुकवता येणार नाही.

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. थॅलेसेमिया, पार्किन्सन्स, ॲसिड हल्ल्यातले पीडित, सगळे आले. आपले विनोदी कार्यक्रम मात्र अजून चारांवरच आहेत: आंधळा, बहिरा, तोतरा, लंगडा. कारण या चौघांची नक्कल करायला तालीम लागत नाही.

आणखी एक. 8 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं एका हिंदी चित्रपटावरच्या खटल्यात या विषयावर सविस्तर लिहिलं. त्यात दोन प्रकारचे विनोद वेगळे केले आहेत. एक, अपंगत्व समजून घेणारा, समजावून देणारा. दुसरा, अपंग व्यक्तीला खाली पाडणारा. इंग्रजीत ही दोन नावं, 'डिसॅबिलिटी ह्यूमर' आणि 'डिसेबलिंग ह्यूमर', एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. मराठीत काय म्हणायचं? मी 'अपंगत्वातला विनोद' आणि 'अपंग करणारा विनोद' असं करून पाहिलं. दुसरा मला 'पांगळं करणारा' जास्त बरा वाटतो. कुणाला अजून चांगलं सुचलं तर हवं आहे.

प्रतिसाद, रत्नागिरी

'पांगळं करणारा' उत्तम. 'पांगळा'चं क्रियापद झालं की दोष माणसाकडून करणाऱ्याकडे जातो.

याच धाग्यावर 'हसणे' बघा. "ते मला हसले" म्हणजे माझी टर उडवली. "माझ्याकडे बघून हसले" म्हणजे ओळख दिली. "माझ्याशी हसून बोलले" यात आपुलकी. क्रियापद तेच, फक्त 'ला' लागला की माणूस निशाण होतो. आपल्या भाषेनं हा निवाडा प्रत्ययातच करून ठेवला आहे.

एकनाथांच्या भारुडांतही आंधळा, बहिरा, मुका, पांगळा ही सोंगं आहेत. पण सोंग घेणारा 'मी बहिरा झालो' असं प्रथमपुरुषी गातो, आणि कीर्तन न ऐकणाऱ्या कानावर ते जातं. ऐकणारा हसतो आणि मग आपलाच कान चाचपतो. (अपंगत्व हे पापाचं रूपक झालं, ही तक्रार आजच्या वाचकानं जरूर करावी. मीही करतो.)

मूळ प्रश्नकर्ता, गुहागर

सगळ्यांचे आभार. मुंबईकरांपैकी एकानं 'स्पीचलेस' ही अमेरिकन मालिका काढून दाखवली, 2016 ते 2019 मधली. तिच्यातला जेजे बोलू शकत नाही. चष्म्याला लावलेल्या लेसरनं फळ्यावरची अक्षरं दाखवतो आणि सोबतचा माणूस ती वाचतो. भूमिका करणारा मायका फाउलर याला स्वतःला सेरेब्रल पाल्सी आहे. पहिल्याच भागात नव्या शाळेत व्हीलचेअरसाठी जो उतार असतो तो कचरा नेण्याचा असतो, आणि त्याची आई तिथेच भांडण काढते. पोरगा खवट आहे, लबाड आहे, देवमाणूस अजिबात नाही. काका सगळ्यात जास्त त्या कचऱ्याच्या उतारावर हसले.

मग त्यांनी आपलं सांगितलं. बाजूला चाकं लावलेली त्यांची स्कूटर दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर फळीवरून सरळ चढते, अख्खी खाडी ओलांडते, कुणाला हात लावावा लागत नाही. पुढे अपंगत्वाचा दाखला जिथे मिळतो तिथे मात्र नऊ पायऱ्या. वर साहेब, खाली काका, आणि मध्ये शिपाई कागद घेऊन वर-खाली. "सही करायला हात लागतो ना? मग पाय कशाला मागतात?" हे वाक्य जसंच्या तसं स्किटमध्ये घेतलंय. तोतरा आता साहेब झालाय, म्हणजे चाचरणारा. पायऱ्या का आहेत याचं उत्तर देताना त्याची बोबडी वळते. ढोलकी शिपायाच्या प्रत्येक फेरीला.

अडलंय ते एका शब्दावर. पायऱ्यांच्या जागी काका ऐनवेळी 'पाखाडी' म्हणतात. मुंबईकरांच्या बायकापोरांना तो कळेल का?

प्रतिसाद, मालवण

पाखाडीच ठेवा. आमच्याकडे 'घाटी' म्हणतत, पण नऊ पायऱ्यांका कोण घाटी म्हणात? चार लोक विचारतील, "पाखाडी म्हणजे काय?" काकांकाच सांगूक लावा.