हेड बोल्ट आवळताना एका बोल्टला 'टक्' आलंच नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

देवगडजवळ राहतो. घरची तीन सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी फोंडाघाट चढताना तापली. रेडिएटरचा पाइप फुटला होता, तापमानाच्या काट्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं आणि हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) उडालं. हेड कोल्हापुरातून फेस करून, म्हणजे घासून सपाट करून आणलं, गॅसकेट नवीन घातलं. बोल्ट मात्र जुनेच, आठच्या आठ. खाऱ्या हवेने गंजले होते, वायर ब्रशने घासून घेतले. बहुतेक इथेच माझी काटकसर नडली.

मदतीला वाडीतले तात्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ट्रॉलरची इंजिनं खोलण्यात त्यांची हयात गेली. उसना आणलेला टॉर्क पाना (ठरवलेला जोर लागला की 'टक्' वाजणारा) बघून म्हणाले, "हाताक समाजता रे, ह्यो आकड्यांचो पानो कित्याक व्हयो?" मी हट्टाने तोच वापरला. पण गंज आहे म्हणून त्यांनी आट्यांवर सढळ हाताने ऑइल ओतलं, थोडं भोकांतही उतरलं.

मॅन्युअलच्या झेरॉक्सवर आवळण्याचा जोर ६ किलोग्रॅम-मीटर लिहिलाय. पाना न्यूटन-मीटरचा, म्हणून ५९ धरले. मधल्या बोल्टांपासून बाहेर जात तीन फेऱ्या केल्या: २०, ४०, मग ५९. शेवटच्या फेरीत सात बोल्टांना 'टक्' आलं. एक्झॉस्टच्या बाजूचा कोपऱ्यातला मात्र आधी जड होत गेला आणि मग एकदम मऊ पडला. बोल्ट फिरतोय, पण जोर काही वाढत नाही. जवळजवळ पाव फेरा गेल्यावर घाबरून थांबलो. तात्याही गप्प.

बोल्ट ताणला की ब्लॉकचे आटे गेले? नुसता तो एक बदलून चालेल का? गॅसकेट एसटीच्या पार्सलने मागवलं होतं हो, परत मागवायचं जिवावर आलंय.

प्रतिसाद

थांबलात ते उत्तम केलंत. तो बोल्ट काढून त्यावर त्याच आट्याचा नवा नट बोटांनी फिरवत न्या. मध्येच अडकला तर बोल्ट ताणलाय. नट सरळ गेला आणि बोल्टच्या आट्यांत लोखंडाचा कीस दिसला तर ब्लॉकचे आटे गेले, मग भोकात नवे आटे देणारं स्प्रिंगसारखं इन्सर्ट बसवावं लागेल.

ऑइलचं म्हणाल तर पान्यावर लावलेल्या जोरातला मोठा हिस्सा घर्षणातच जातो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल आणि तुम्ही ऑइल ओतलं असेल, तर त्याच ५९ ला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. झेरॉक्सवर बारीक अक्षरांत कोरडे की ऑइल लावून ते लिहिलंय का पाहा. लावायचंच असेल तर थेंबभर. भोकातलं ऑइल मात्र पूर्ण काढा. तळ बंद असलेल्या भोकात ऑइल दाबलं जात नाही आणि ब्लॉकलाच चीर जाऊ शकते.

गॅसकेट एकदा दाबलं गेलं की गेलं, मन घट्ट करा. बोल्टही आठही नवीन घ्या, सातांवरही तेवढाच ताण आलाय.

मूळ धागाकर्ता

नट पाच आटे गेला आणि अडकला. बोल्टची मान डोळ्यांनाही बारीक दिसतेय. ब्लॉकचे आटे शाबूत, टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने सहज फिरला. बोल्ट आणि गॅसकेट मागवलं. त्या भोकातलं ऑइल सिरिंजने ओढून काढलं, चांगलं बोटभर होतं! बाकीचे सात सोडताना बाहेरून आत यायचं ना?

प्रतिसाद

हो, आवळण्याच्या उलट क्रमाने, एकेक थोडा थोडा. आणि सोडायला साधा पाना घ्या. उसना टॉर्क पाना त्यासाठी वापरू नका, आणि परत देताना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून द्या.