विजेचं ग्रिड नेटला जोडलेलं नसतं म्हणून निर्धास्त राहायचं का?
काही जण म्हणतात की सबस्टेशनची सिस्टीम वेगळी असते, हॅकर काय करणार. अहो, युक्रेनच्या वीज कंपन्यांवर सायबर हल्ला झाला, तिथेही ऑफिसचं नेटवर्क आणि कंट्रोल सिस्टीम यांच्या मधे फायरवॉल (नको ते अडवणारी भिंत) होतीच की! पण ऑफिसातल्या कुणीतरी मेलमधली फाईल उघडली, तिच्यातला मॅक्रो (फाईलमध्ये दडलेला छोटा प्रोग्राम) चालू केला आणि हल्लेखोर कित्येक महिने गुपचूप आत बसून पासवर्ड गोळा करत राहिले, मग त्याच पासवर्डने व्हीपीएनमधून (बाहेरून नेटवर्कमध्ये शिरायची अधिकृत वाट) थेट कंट्रोल सिस्टीममध्ये. २३ डिसेंबर २०१५ ला इव्हानो-फ्रँकिव्स्क शहरातल्या वीज कंपनीत ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत स्क्रीनवरचा कर्सर आपोआप फिरायला लागला, एकेक ब्रेकर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) उघडून वीज तुटत गेली, त्याला काही करता येईना. तिथल्या वीज कंपन्यांचे मिळून सव्वादोन लाख ग्राहक अंधारात, ऐन थंडीत. वर कॉल सेंटरवर खोट्या फोनचा मारा, म्हणजे लोकांना तक्रारही करता येऊ नये, हे तर मला फारच नीच वाटलं.

वीज काही तासांत आली ती माणसं सबस्टेशनला जाऊन हाताने ब्रेकर परत जोडू शकली म्हणून. त्यामुळे आपल्याकडे ऑटोमेशन जरूर करा, पण हाताने चालवायची सोय आणि ते काम येणारे लाईनमन, ऑपरेटर कृपा करून कमी करू नका. तिथे हल्लेखोरांनी सबस्टेशनला कंट्रोल रूमशी जोडणाऱ्या कन्व्हर्टर उपकरणांचं फर्मवेअरच (आतला मूळ प्रोग्राम) बिघडवून ठेवलं होतं, त्यामुळे वीज आल्यावरही पुढे बराच काळ ती सबस्टेशनं हातानेच चालवावी लागली.