९ वर्षं राहून घर सोडलं, आता मालक अख्खं डिपॉझिट कापतायत. झीज कशाला म्हणायचं आणि नुकसान कशाला?

गाशा_गुंडाळला

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा. आम्ही एका घरात ९ वर्षं भाड्याने राहिलो, गेल्या आठवड्यात सोडलं. भाडं कधी थकवलं नाही, मालक काकांशी कधी वाजलं नाही. किल्ल्या द्यायच्या दिवशी काका आणि त्यांचा मुलगा दोघं आले, मुलाच्या हातात वही, पाऊण तास तो खोली खोली फिरून लिहीत होता आणि काका आमच्याशी गप्पा मारत बसले होते, मला वाटलं झालं सगळं गोडीत. संध्याकाळी मेसेज आला. अख्ख्या घराचा रंग, दारांचा ऑइल पेंट, हॉलच्या भिंतीतली भोकं, बाथरूमच्या टाइल्सचे जॉइंट, दोन नळ, सिंकखालचं कपाट नवीन, एका दाराची चौकट. बेरीज डिपॉझिटच्याही वर, म्हणजे वरचे आम्हीच द्यायचे!

अॅग्रीमेंटमध्ये फक्त एवढंच आहे की 'नैसर्गिक झीज वगळता घर होते त्या स्थितीत परत करावे'. आता ९ वर्षांत रंग जाणारच ना? आमचं कपाट हलवलं तेव्हा मागे बरोबर त्याच्या मापाचा चौकोन निघाला, तेवढा रंग अजून मूळचा आणि बाकी भिंत फिकट. मुलगा त्याच्यावर बोट ठेवून म्हणतो हा बघा आमचा रंग, तुम्ही काय करून ठेवलंत. दारं पिवळी पडलीत तर म्हणे घरात सिगरेट ओढत होतात. आमच्याकडे कोणीच ओढत नाही हो. चौकटीचं मात्र मान्य आहे, लेकीची उंची दर वाढदिवसाला तिथे कोरायचो.

कुठे भांडायचं आणि कुठे गप्प बसायचं, सांगा.

लांबीवाला

रंगकाम करतो म्हणून रंगाचंच बोलतो. तो चौकोन तुमच्याच बाजूचा पुरावा आहे, मुलाला कळलं नाही. भिंत घाण केली असती तर तेलकट, हाताचे डाग, ओरखडे दिसले असते. उन्हाने आणि उजेडाने रंग उडतो, कपाटामागे उजेड गेला नाही म्हणून तिथे राहिला. यालाच झीज म्हणतात.

आता दारं. पांढरा ऑइल पेंट आपोआप पिवळा पडतो आणि गंमत म्हणजे अंधारात जास्त पडतो. दाराची जी बाजू खिडकीसमोर असते ती पांढरी राहते, जी कायम भिंतीला टेकलेली असते ती पिवळी. तुमची दारं बघा, तसंच असेल. सिगरेटचा पिवळेपणा वेगळा असतो, तो छतावर पण चढतो, ओला पांढरा फडका घासला तर फडक्यावर तपकिरी उतरतो आणि खोली बंद ठेवून उघडली की वास येतो. मालकांसमोर फडका फिरवून दाखवा, दोन मिनिटांचं काम.

भोकांचं म्हणाल तर फोटोच्या चार खिळ्यांना कोणी शहाणा माणूस पैसे लावत नाही, लांबी (पुट्टी) भरली की संपलं. पण ड्रिल मारून गिट्ट्या (स्क्रू पकडणारे प्लग) ठोकल्या असतील आणि काढताना प्लास्टरचे पोपडे आले असतील तर ते तुमचं. किती आहेत?

गाशा_गुंडाळला

खिळे ७-८. ड्रिलची ६, टीव्ही आणि एक शेल्फ. शेल्फ काढताना प्लास्टर आलं थोडं. तळहाताएवढं.

उडवा_उडवी

एवढा विचार कशाला, शेवटचे दोन-तीन महिने भाडंच द्यायचं नाही, डिपॉझिट तिथेच फिटतं. मी दर वेळी तेच करतो.

खडूस_मालकीणबाई

@उडवा_उडवी, तुमच्यासारख्यांमुळेच आम्ही मालक लोक पुढच्या भाडेकरूशी खडूस होतो. आणि ते तर घर सोडून बसलेत, पोस्ट तरी पूर्ण वाचा.

@गाशा, मी स्वतः घर भाड्याने देते, माझ्या बाजूने सांगते. वस्तू काळाने गेली तर मालकाची, माणसाच्या धक्क्याने किंवा हयगयीने गेली तर भाडेकरूची. उंबऱ्याशी आणि ओट्यासमोर फरशीची चमक गेली, ती चालून चालून गेली, सोडून द्यायची. तिथेच जड काही पडून टवका उडाला असेल तर मी पैसे मागणार. नळाचं वॉशर, सैल बिजागरी, वर्षानुवर्षं फिरवून घासलेली कडी, यांचे पैसे मागताना मला लाज वाटेल.

दुसरी गोष्ट बहुतेक मालकांना पटत नाही, मलाही आधी पटली नव्हती. नुकसान भाडेकरूचंच असलं तरी नव्या वस्तूची किंमत मागता येत नाही, राहिलेल्या आयुष्याची मागायची. समजा घराचा रंग ५ वर्षं टिकतो असं धरलं आणि तुम्ही ९ राहिलात, तर त्या रंगाची किंमत शून्य झालीय. काकांना घर तसंही रंगवायचंच होतं. जुन्याच्या बदल्यात तुमच्या पैशाने कोरं करून घ्यायचं हे बरोबर नाही. अर्थात अॅग्रीमेंटमध्ये रंगाचं वेगळं कलम असेल तर आधी ते बघा.

पण मला एक सांगा. तुम्ही रंगावर एवढं लिहिलंत, दारांवर लिहिलंत, सिंकखालच्या कपाटावर एक अक्षर नाही. त्याला काय झालं?

गाशा_गुंडाळला

पकडलंत. सिंकचा पाइप ठिबकत होता. थेंब थेंबच, म्हणून खाली वाटी ठेवली, सकाळी उठलं की वाटी ओतायची, अशी सवयच लागली. काकांना सांगायचं राहून गेलं. मध्ये गावाला गेलो १५ दिवस आणि वाटी भरून वाहिली, तळाची फळी फुगून वर आली. साधारण दीड वर्ष झालं त्याला.

खडूस_मालकीणबाई

मग ते तुमचं, वाद नको. पाइप गळणं ही झीज, ते काकांनी बदलून दिलं असतं. न सांगता वाटी ठेवणं ही तुमची हयगय. ती फळी भुशाच्या बोर्डाची असणार, एकदा पाणी प्यायली की फुगते आणि वाळली तरी पुन्हा बसत नाही. तुम्ही त्या दिवशी एक मेसेज टाकला असता तर आज हाच मुद्दा तुमच्या बाजूने असता.

पण इथेही हिशोब करा. कपाट तुम्ही आलात तेव्हा नवं होतं का?

गाशा_गुंडाळला

नाही. काकाच म्हणाले होते आमच्या आधी ३ वर्षं बसवलंय.

खडूस_मालकीणबाई

म्हणजे १२ वर्षांचं. अशा कपाटाचं आयुष्य १५ धरलं तर उरली ३, पाचवा हिस्सा. आणि अख्खं कपाट कशाला, गेली ती तळाची फळी. फळी आणि सुताराची मजुरी यांचा पाचवा हिस्सा हा तुमचा हिशोब, पूर्ण नव्या कपाटाची किंमत हा त्यांचा. मी तुमच्या जागी असते तर फळी पूर्ण बदलून दिली असती, कारण दीड वर्ष सांगितलं नाही. पण कपाट नाही.

किल्ली_आणि_कुलूप

बाथरूमचं कोणी बोललं नाही म्हणून. जॉइंट वरवर काळे झाले असतील तर ती साफसफाई, तुम्हीच करून द्यायला हवी होती. पण कोरले गेले असतील, बोट फिरवलं की खड्डा लागतो असं असेल, तर अॅसिडने घासलंय का ते आठवा. पाण्याचे पांढरे डाग काढायला लोक अॅसिड ओततात, डाग जातात आणि जॉइंटचं सिमेंट पण खाल्लं जातं. माझ्या बाबतीत हेच झालं होतं आणि मी मालकाशी तावातावाने भांडत होतो, बाटली माझ्याच बाल्कनीत होती.

आणि आत शिरतानाचे फोटो आहेत का? ते नसतील तर मालकांकडे आहेत का विचारा. 'होते त्या स्थितीत' म्हणजे कोणत्या, हे दाखवायला कोणाकडेच काही नसेल तर पैसे कापणाऱ्याने आधी दाखवायला हवं. प्रत्येक कामाचं वेगळं कोटेशन मागा, एकच आकडा मान्य करू नका. बोलणं मेसेजवर करा, फोनवर ठरलं तर लगेच लिहून पाठवा.

गाशा_गुंडाळला

अपडेट. जुन्या फोनमध्ये राहायला आलो त्या दिवशीचे ११ फोटो सापडले, सगळे लेकीचे, पण मागे भिंती आहेत! एकात तर बाथरूमचे जॉइंट तेव्हाच काळे दिसतायत.

काल भेटलो. मी आधीच सांगितलं की फळी माझी, प्लास्टर माझं, चौकट माझी. हे ऐकून मुलगा जरा गडबडला, त्याची भांडायची तयारी होती. मग फडका फिरवून दाखवला, पांढराच राहिला. दारं उघडून दोन्ही बाजू दाखवल्या, @लांबीवाला, अगदी तुम्ही म्हणालात तसंच, भिंतीकडची बाजू पिवळी. काका स्वतःच म्हणाले, अरे रंग तर आपल्याला काढायचाच होता. रंग, दारं, जॉइंट, नळ गेले यादीतून. फळीवर एकमत झालं. हॉलच्या भिंतीवर अजून अडलंय, मी म्हणतो तळहाताएवढं प्लास्टर, मुलगा म्हणतो पॅच दिसेल म्हणून पूर्ण भिंत.

लांबीवाला

सगळीकडे रंग काढणारच आहेत ना ते? मग पॅच दिसेल कसा. प्लास्टर आणि लांबीचे द्या, रंगाचे नका देऊ. आणि चौकट पॉलिश करायच्या आधी फोटो काढून ठेवा.

गाशा_गुंडाळला

काढला. खालून वरपर्यंत, चार तुकड्यांत.