‘सहजपणे’ऐवजी कोणता शब्द? घुमट वाजवणाऱ्या मामांवर लेख लिहितोय

मयेचा_भाचा
नमस्कार मंडळी. वाड्यावरच्या गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेसाठी मामांवर लेख लिहितोय. मामा घुमट वाजवतात, म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं गोव्याचं वाद्य. चवथीच्या दिवसांत आरतीसाठी घरोघरून त्यांना बोलावणं असतं. घुमट मांडीवर घेतात, उजव्या हाताची बोटं कातड्यावर, डावा तळवा मडक्याच्या लहान तोंडाशी. तो तळवा जरासा उघडला-मिटला की नाद पार बदलतो. शामेळवाला (शामेळ म्हणजे साथीचा ढोल) लय चढवत नेतो, कांसाळं म्हणजे झांज त्याच्या मागे धावतं, आणि मामांच्या कपाळावर एक आठी उमटत नाही.

हे एका वाक्यात कसं सांगू? ‘मामा घुमट सहज वाजवतात’ हे मला पटत नाही. लीलया, सराईतपणे, सफाईने, शिताफीने, विनासायास हे शब्द समोर आहेत, पण शब्दकोशात सगळ्यांचा अर्थ साधारण सारखाच दिसतो. रोज मराठी लिहिणारे काय वापरतात?

फोंड्याचे_मास्तर
तुम्हाला ‘सहज’ खटकलं ते बरोबरच आहे. शेजारी दारात येतो, आपण विचारतो ‘काय काम काढलंत?’ आणि तो म्हणतो ‘सहज आलो’. म्हणजे काही हेतू नाही. ‘मामांनी घुमट सहज वाजवलं’ म्हटलं की वाचकाला तोही अर्थ लागतो, कोपऱ्यात दिसलं म्हणून वाजवलं. ‘सहजपणे’ किंवा ‘सहजतेने’ लिहिलं की ही अडचण जाते. ‘सहजासहजी’ मात्र इथे चालणार नाही, तो शब्द बहुतेक नकाराबरोबरच येतो: असा हात सहजासहजी बसत नाही.

बाकीच्या शब्दांकडे बघताना मी वर्गात एकच प्रश्न विचारायचो, हा सोपेपणा आला कुठून? ‘सहज’ म्हणजे जन्माबरोबर आलेलं. ‘लीलया’ म्हणजे खेळ म्हणून. काम माणसाच्या ताकदीपलीकडचं असलं की तो शब्द शोभतो, कृष्णाने गोवर्धन लीलया उचलला. आणि कृपा करून ‘लीलयेने’ किंवा ‘लीलयापणे’ कोणी लिहू नका. ‘लीलया’ ही संस्कृतातली तृतीयाच आहे, ‘ने’ तिच्या पोटातच आहे. हल्ली बातम्यांत हे वारंवार दिसतं आणि मला मनापासून वाईट वाटतं.

‘सराईतपणे’मध्ये सोपेपणा सवयीतून येतो. अर्थ मामांना लागू आहे, पण ‘सराईत’च्या मागे ‘गुन्हेगार’ वाचायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की गौरवाच्या लेखात मी तो टाळीन. ‘शिताफीने’मध्ये चपळाई आहे, आणि समोर कोणीतरी चकवायला हवा. पोलीस शिताफीने पकडतात, चोर शिताफीने निसटतो. आरतीत मामा कोणाला चकवणार? ‘अनायासे’ तर कौशल्याचा शब्दच नाही. अनायासे भेट होते, त्यात आपला हात नसतो.

उरतं ‘सफाईने’. त्यात काम नुसतं सोपं होत नाही, त्याला खडबडीत कडाही राहत नाही. द्रुत लयीत एकही ठोका दुसऱ्यावर न चढणं म्हणजे सफाई. माझं मत ‘सफाईने’ला.

पेडण्याची_ताई
मास्तरांचं वाचून खूप आनंद झाला. मला थोडं पुढे जावंसं वाटतं. आपल्या भाषेत हे काम क्रियाविशेषणावाचूनही होतं. आमच्याकडे नारळ काढणारा पाडेली माडावर ‘सरसर’ चढतो, त्यापुढे ‘कौशल्याने’ लावलं तर वाक्य जड होतं. माझी सासू जमिनीत रोवलेल्या पहारेवर नारळ घालते, मनगटाला एक पीळ देते, तीन-चार हिसक्यांत सोडणं बाजूला पडतं. तिच्याबद्दल आम्ही म्हणतो, ‘बोलता बोलता दहा नारळ सोलून टाकले’. त्या ‘टाकले’मध्ये सगळं आलं. ‘सोलले’ म्हटलं तर फक्त काम झालं असं कळतं, ‘सोलून टाकले’ म्हटलं की तिला ते हातचा मळ आहे हे कळतं.

नाजूक कामाला मात्र वेगळे शब्द हवेत. आदोळीवर, म्हणजे विळीवर, बांगडा कापताना ती आतलं सगळं ‘अलगद’ काढते. कापलेल्या तुकड्यांना मीठ-हळद लावून ठेवते ती ‘निगुतीने’. हा शब्द आता फार कमी ऐकू येतो, जमेल तिथे वापरत जा. पण घुमटाला ‘अलगद’ नको हं, ते जोराचं वाद्य आहे.

डिचोलीकर
‘विनासायास’बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. तो शब्द मामांच्या मेहनतीवर पाणी फिरवतो. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, आता बकरीचं कातडं लावतात. आमच्या वाड्यावरच्या जुन्या वादकांना नव्या कातड्यावर पुन्हा हात बसवावा लागला. कातडं किती ओढायचं, कधी शेकायचं, सगळं नव्याने. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तो याच हातांमुळे टिकलेल्या वाद्याला. सायास होतेच, फक्त आपल्याला दिसत नाहीत. लेखात हे येऊ द्या.

मयेचा_भाचा
सगळ्यांचे मनापासून आभार. मामांना कातड्याबद्दल विचारलं, ते बराच वेळ बोलत राहिले, त्याचा एक परिच्छेदच झाला. वाक्य आता असं केलंय:

‘शामेळ कितीही धावो, मामांची बोटं प्रत्येक ठोका सफाईने वेगळा काढतात, आणि डावा तळवा बोलता बोलता नाद फिरवून टाकतो.’

ताई, तुमचं ‘टाकणे’ घेतलं. चालेल ना?

पेडण्याची_ताई
‘टाकतो’ छान बसलंय. ‘बोलता बोलता’ तेवढं काढा. आरती चालू असताना मामा बोलत नसतात, गात असतात.

फोंड्याचे_मास्तर
ताईंशी सहमत. ‘गाता गाता’ करा. आणि ‘कितीही धावो’ अजिबात बदलू नका.