मदत हवी आहे: जोडप्याची एकच फाईल आणि वकिलाचं पत्र

नमस्कार मंडळी. मी समुपदेशन करते. दोन वर्षांपूर्वी एक जोडपं यायचं. नंतर बाई एकट्याच तीनदा आल्या. आळसापोटी मी सगळं एकाच फायलीत लिहिलं, अगदी 'सासूचं नाव काढताच रडल्या' इथपर्यंत. आता घटस्फोटाची केस आहे. नवऱ्याच्या वकिलाचं पत्र आलंय: पूर्ण फाईल द्या. कोर्टाचं समन्स मात्र नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये कलम २३ गोपनीयतेचं, २५ स्वतःच्या नोंदी मिळण्याचं. पण अशा मिसळलेल्या फायलीचं काय? बाईंचा मजकूर झाकून प्रत दिलीय का कुणी? वकिलाला उत्तर कसं लिहिलंत? बाई एकट्या येत होत्या हे नवऱ्याला ठाऊक नाही, ते उत्तरातून फुटायला नको.