प्रतिसाद: मग नवसागर का विरघळतो?

‘उष्णता बाहेर पडली तरच क्रिया आपोआप होते’ हे विधान अर्धंच खरं आहे. कल्हईवाल्याकडचा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, पेलाभर पाण्यात टाकून ढवळा. पेला चक्क गार पडतो, म्हणजे उष्णता आत ओढली जाते. तरी नवसागर विरघळतोच. एन्थाल्पीतला, म्हणजे उष्णतेच्या हिशेबातला, बदल मोलमागे (मोल हे रसायनशास्त्रातलं पदार्थ मोजायचं माप) सुमारे +१५ किलोज्यूल, एन्ट्रॉपीतला, म्हणजे कणांच्या विस्कळीतपणातला, सुमारे +७५ ज्यूल प्रति केल्विन. ७५ ला २९८ केल्विनने, म्हणजे खोलीच्या तापमानाने, गुणलं की साधारण २२ किलोज्यूल. १५ वजा २२, गिब्ज ऊर्जेतला बदल उणे ७; आणि हा बदल उणे आला की क्रिया आपोआप होते. स्फटिकात जखडलेले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, मोकळे झाले, तिथेच पारडं फिरलं. आणि हो, एकीकडे किलोज्यूल, दुसरीकडे ज्यूल. बारावीत माझे मार्क हमखास इथेच जायचे.